चार पाऊणे तीन

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते. माझ्या दोस्ताचा मोठा मुलगा चौदाव्या दिवशी ग्रामपंचायतीतून कोरा फॉर्म घेऊन माझ्या ओटीवर आला. म्हणाला, "काका, तुम्हीच भरा. बाबांचे सगळे कागद तुम्हीच भरलेत."

खरं होतं ते. होडीच्या इंजिनासाठी सोसायटीचं कर्ज, होडीची नोंदणी, डिझेलच्या कराचा परतावा, रेशनकार्डातलं नाव, मुलीच्या लग्नाची पत्रिका, २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर मच्छीमारांना मिळालेल्या ओळखपत्राचा अर्ज. पन्नास वर्षं त्याच्या नावाने लिहिलेलं अक्षर माझं आणि खालची सही त्याची. सही तो शाळेतल्यासारखी करायचा, सगळी अक्षरं सुटी, वरची रेघ शेवटी एका दमात ओढलेली.

वयाचा पुरावा म्हणून पोराने एक पिवळा पडलेला कागद सोबत आणला होता. बापाचा शाळा सोडल्याचा दाखला. घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. मी चष्मा पुसून वाचला. जन्मस्थळ : झाई, तालुका उंबरगाव, जिल्हा ठाणे. इयत्ता : नववी. प्रगती : बेताची. वर्तणूक : चांगली. आणि आता मी नव्या फॉर्मवर लिहीत होतो, राहणार झाई, तालुका तलासरी, जिल्हा पालघर. ज्या घरात जन्मला त्याच घरात तो गेला. बहात्तर वर्षांत घर जागचं हललं नाही. १९६० साली तालुका बदलला, २०१४ साली जिल्हा बदलला.

नाव, बापाचं नाव, आईचं नाव, वय, पत्ता, सगळं भराभर लिहून झालं. मग 'मृताचा व्यवसाय' असा रकाना आला आणि माझा हात थांबला. पोरगा म्हणाला, "मासेमारी लिहा ना काका." तरीही मी पेन खाली ठेवलं. त्याला म्हटलं, आज राहू दे, उद्या ये.

का थांबलो, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

आम्ही दोघे झाईच्या मांगेलवाड्यातले. त्याचे वडील तांडेल, माझे वडील त्यांच्याच होडीवर खलाशी. माझी आई डोक्यावर पाटी घेऊन उंबरगावच्या बाजारात मासळी विकायची. १ मे १९६० रोजी आम्ही पहिलीतून दुसरीत जात होतो. त्या दिवशी उंबरगाव गुजरातेत गेलं, आमचं गाव महाराष्ट्रात राहिलं. शाळेत साखर वाटली. दुसऱ्या दिवशी आई नेहमीसारखी पाटी घेऊन त्याच वाटेने त्याच बाजारात गेली. तिच्या दृष्टीने काही बदललं नव्हतं. आमच्या शाळेत मात्र पाटीवर रोज लिहायच्या पत्त्यात उंबरगावच्या जागी तलासरी आलं. तो सवयीने आठवडाभर उंबरगावच लिहीत होता आणि गुरुजी रोज पुसायला लावत होते.

त्या काळी संध्याकाळी शाळा सुटण्यापूर्वी परवचा व्हायची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. सगळी पोरं हेल काढून म्हणायची. मला सगळे पाढे पाठ होते, पण ते कशासाठी म्हणायचे ते कळत नव्हतं. त्याला पावकी येत नव्हती, दिडकी येत नव्हती. पाऊणकी मात्र झोपेतून उठवलं तरी यायची. एक पाऊणे पाऊण, दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन, चार पाऊणे तीन. गुरुजींना त्याचं नवल वाटायचं. मला त्याचं कारण पाचवीत गेल्यावर समजलं.

पाचवीपासून आम्ही बोर्डीला जाऊ लागलो. सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल, गोखले एज्युकेशन सोसायटीचं, १९२० साली सुरू झालेलं. आचार्य भिसे यांच्यासारख्या माणसांनी घडवलेली ती शाळा. आमच्या वाड्यातून तिथे जाणारी पोरं बोटांवर मोजण्यासारखी होती. तासाभराची चाल. बोर्डीचा किनारा फार सपाट, ओहोटीला समुद्र इतका आत जातो की लाटांचा आवाजही येत नाही. ओहोटी असेल तर ओल्या कडक वाळूवरून झपझप जाता येतं. भरती असेल तर रस्त्याने जावं लागतं. पहिल्या आठवड्यात मी दोनदा किनाऱ्याने निघालो आणि दोनदा भिजून वर्गात पोचलो. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "तिथी बघून निघत जा की."

मग त्याने मला वाळूत बोटाने लिहून दाखवलं. आज तिथी कोणती? अष्टमी. आठ पाऊणे सहा. म्हणजे सहाला पूर्ण भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. सहा तासांनी ओहोटी, म्हणजे बाराला. आपण निघणार दहाला, पाणी उतरत असणार, तेव्हा किनाऱ्याने चल. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. आपण चालत असताना पाणी चढत असणार, तेव्हा रस्त्याने चल. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. घड्याळाशी थोडंफार मागेपुढे होतं, पण माणूस भिजत नाही.

जो पाढा मी तीन वर्षं नुसता घोकला होता, तो त्याच्या घरात रोज चालत होता. झाईची होडी खाडीत असते. ओहोटीला खाडीत चिखल उघडा पडतो, होडी बसते. पाणी असतानाच ती बाहेर काढावी लागते आणि पाणी असतानाच आत घ्यावी लागते. ती वेळ चुकली तर पुढचे बारा तास गेले. त्याच्या वडिलांना अक्षरओळख नव्हती, पण पाऊणकी होती. ती त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळाली होती.

आठवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. नववीत भूमिती आली आणि तो अडकला. सिद्धांत, साध्य, पक्ष, सिद्धता हे शब्द त्याच्या डोक्यात शिरेनात. दोन भिन्न रेषा एकमेकींना छेदत असतील तर त्या एकाच बिंदूत छेदतात, हे त्याने माझ्यासमोर वीस वेळा पाठ केलं आणि परीक्षेत कोरं सोडलं. १९६८ साली मी दहावीत गेलो, तो नापास झाला. त्याच सुमारास त्याच्या वडिलांच्या पाठीत दुखणं शिरलं. त्याने दाखला काढला आणि पंधराव्या वर्षी होडीवर गेला. शाळेचा शेवटचा दिवस मला आठवतो. ओहोटी होती. किनाऱ्याने परत येताना तो एक शब्द बोलला नाही. घराजवळ आल्यावर आपली भूमितीची पेटी माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "कंपासची सुई चांगली आहे, वापर." ती पेटी मी अकरावीपर्यंत वापरली, पुढे शिक्षकाच्या प्रशिक्षणातही वापरली. अजून माझ्याकडे आहे.

प्रशिक्षणात असताना आम्हाला कोसबाडला नेलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावं, हा ताराबाईंचा विचार. त्यातून अंगणवाडी आली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात भरणारी कुरणशाळा आली. शिंपले, बिया, पानं, खडे हेच तिथलं शैक्षणिक साहित्य. मी सगळं पाहिलं, वहीत उतरवून घेतलं, परीक्षेत लिहिलं आणि गुण मिळवले.

जून १९७२मध्ये तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर माझी नेमणूक झाली. एकशिक्षकी शाळा, कुडाच्या भिंती, पटावर चौतीस मुलं. सगळी वारल्यांची. पहिल्या महिन्यात ती माझ्याकडे नुसती बघत बसली. आवणी सुरू झाली तशी निम्मी गायब झाली. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली. जी होती ती एक ते शंभर धडाधड म्हणत, आणि समोर सात खडे ठेवून किती म्हणून विचारलं की गप्प होत. मी चिडायचो. शनिवारी घरी येऊन त्याच्यापाशी रडगाणं गायचो. पोरांना अक्कल नाही, आईबापांना फिकीर नाही, असलं काहीबाही बोलायचो. त्याची लाज मला आजही वाटते.

तो जाळं दुरुस्त करत ऐकून घ्यायचा. एका शनिवारी म्हणाला, "मास्तर, त्यांच्या आज्याला हिशेब येत नव्हता, म्हणून सावकाराने पिढ्या राबवल्या. तू त्यांना आधी हिशेब शिकव. बाकीचं मागून येईल."

हे बोलणं हवेतलं नव्हतं. २३ मे १९४५ रोजी याच भागात, झरी गावी, हजारो वारली जमले होते आणि वेठ करणार नाही असं त्यांनी ठरवलं होतं. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्या सभेला गेलेली माणसं माझ्या पाड्यावर अजून चालतीबोलती होती. लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांच्या कर्जापायी आयुष्यभर मालकाच्या घरी राबणाऱ्याला 'लग्नगडी' म्हणत. ती माणसं त्याच लग्नगड्यांची पोरं. कर्ज किती होतं आणि फिटलं किती, हे मालकाच्या वहीत असायचं. त्या वहीत काय लिहिलंय ते वाचता आलं असतं, तर त्यांना मान वर करता आली असती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो सायकलला पोतं बांधून माझ्याबरोबर पाड्यावर आला. पोत्यात शिंपले होते. पोरांना गोळा करून तो जमिनीवर बसला. मासळी मोजतो तसे त्याने शिंपले मोजायला सुरुवात केली. दोन हातांत दोन-दोन, एका फेकीत चार. पाच फेकी झाल्या की बाजूला एक खडा. एक खडा म्हणजे एक कोडी, म्हणजे वीस. पाच खडे म्हणजे शंभर. पोरं सरकत सरकत जवळ आली. तासाभरात ती स्वतः फेकी मारू लागली, आणि मला पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकू आला. कोसबाडला जे पाहून मी वहीत उतरवलं होतं, ते माझ्या वर्गात नववी नापास माणसाच्या पोत्यातून आलं. माझी शिक्षकी खरं म्हणजे त्या रविवारी सुरू झाली.

मे १९८३मध्ये सुट्टीत मी त्याच्याबरोबर समुद्रावर गेलो. वद्य द्वितीया होती. दोन पाऊणे दीड. रात्री दीडच्या पाण्याला त्याने होडी खाडीबाहेर काढली. चांदणं स्वच्छ. डोल जाळं समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं असतं. तोंड रुंद, मागे निमुळतं होत गेलेली लांब थैली. पाण्याला ओढ असते तोवर जाळं फुगलेलं राहतं आणि मासळी आत ओढली जाते. ओढ थांबली की उपसायचं. ती थांबते थोडाच वेळ, मग पाणी उलटं फिरतं. म्हणून साडेसातला तिथे हजर असायलाच हवं. उधाणाच्या दिवसांत ओढ जोराची, मासळी जास्त. भांगाच्या दिवसांत पाणी सुस्त, जाळं सुस्त. महिन्याचं सगळं गणित तिथीवर.

उजाडलं तेव्हा आम्ही किनाऱ्यापासून बरेच आत होतो. चहूकडे सारखंच पाणी. मी विचारलं, तुझी जागा कुठली ते कळतं कसं? त्याने हात वर केला. पूर्वेला सूर्य डोंगराच्या मागून वर येत होता आणि डोंगरांच्या कडा काळ्या, रेखीव दिसत होत्या. "तो बारड. त्याचं टोक आणि त्याच्या खाली किनाऱ्यावर सुरूची रांग. रांगेचं उत्तरेकडचं शेवटचं झाड टोकाच्या बरोबर खाली आलं की एक रेघ झाली. आता इकडे बघ. महालक्ष्मीचा सुळका. त्याच्याखाली ते कौलारू छप्पर आलं की दुसरी रेघ. दोन्ही रेघा जिथे मिळतात तिथे आपला खुंट."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याच्या लक्षात आलं नाही. मग मी हळूच म्हटलं, "दोन भिन्न रेषा एकमेकींना छेदत असतील तर…"

तो थबकला. हातातला दोर तसाच राहिला. पंधरा वर्षांनी त्याने ते वाक्य पुरं केलं. "…तर त्या एकाच बिंदूत छेदतात." आणि मग म्हणाला, "हेच होतं होय ते? कुणी सांगितलं नाही रे."

त्याचं ते 'कुणी सांगितलं नाही' मी शिक्षक म्हणून उरलेली अठ्ठावीस वर्षं बाळगलं. ज्यांनी आम्हाला भूमिती शिकवली ते मनापासून शिकवत होते. पण ते समुद्रावर गेले नव्हते. आणि जे समुद्रावर जात होते त्यांना फळ्याजवळ कुणी बोलावलं नव्हतं. मधली जागा रिकामी होती, आणि माझा दोस्त त्या रिकाम्या जागेत पडला.

साडेसातला जाळं उपसायला घेतलं. चार माणसं एका तालात ओढत होती. थैलीची गाठ सोडली तसा बोंबील, मांदेली, करंदी, मधूनच वाकटीची चंदेरी पट्टी, असा ढीग होडीत सांडला. गुलाबी, ओलसर, जिवंत. त्याने ढिगाकडे एकवार पाहिलं आणि किती पाट्या होतील ते सांगितलं. किनाऱ्यावर मोजल्या तेव्हा एकाच पाटीचा फरक निघाला.

१९८६ साली मी त्याला माझ्या शाळेत बोलावलं. तेव्हा मी दुसऱ्या पाड्यावर चौथीला शिकवत होतो. तो धुतलेला सदरा घालून आला आणि दारात चप्पल काढून उभा राहिला. शाळेची त्याला भीती वाटत होती. मी त्याला अंगणात नेलं. तिथे तो मोकळा झाला. त्याने दोन पोरांना एकामागे एक उभं केलं, मागचा उंच तो डोंगर, पुढचा ठेंगणा ते झाड. दुसऱ्या बाजूला तशीच आणखी एक जोडी. मग सगळ्यांना डोळे मिटायला लावून त्याने एका जागी मातीत एक चिकू पुरला आणि वरून माती सारखी केली. म्हणाला, "मी उभा होतो तिथून हा डोंगर या झाडाच्या बरोबर मागे लपत होता. आणि तिकडचा डोंगर तिकडच्या झाडामागे. शोधा."

पोरं धावली. आधी सगळी एका रेषेवर पुढेमागे सरकू लागली. मग एका मुलीला उमगलं. एका रेषेवर चालत राहायचं आणि दुसरा डोंगर लपला की थांबायचं. ती थांबली, वाकली, आणि चिकू काढून तिने डोक्यावर धरला. नंतर दिवसभर पोरांनी तोच खेळ खेळला. संध्याकाळी जाताना तो मला म्हणाला, "मास्तर, ती पोर भूमितीत नापास होणार नाही." ती झाली नाही. पुढे ती परिचारिका झाली. तिने मला अजून अंतर दिलेलं नाही.

तो जग ओळखून चालणारा माणूस होता. जीपीएस आलं तेव्हा वाड्यातल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. त्याने मात्र ते लगेच घेतलं आणि आपल्या सगळ्या खुणांची ठिकाणं त्यात भरली. मोबाइलवर हवामान खात्याचा इशारा आला की तो होड्या थांबवायचा. नोव्हेंबर २००९मध्ये फयान वादळ आलं तेव्हा तो आदल्या दिवशीच परतला होता आणि किनाऱ्यावर उभा राहून इतरांना फोन लावत होता. त्याला जाळ्याची आस लहान करून बारकी मासळी ओढणं मान्य नव्हतं. जून आणि जुलैची मासेमारी बंदी तो सणासारखी पाळायचा. मासळी दरवर्षी कमी होतेय हे त्याला कुठल्याही अहवालाआधी कळलं, कारण तो पाट्या मोजत होता.

त्याचं आणखी एक काम होतं, त्याबद्दल गावाबाहेर कुणाला ठाऊक नाही. पावसाळा सरत आला की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून तरणी पोरं खलाशी म्हणून गुजरातेत जातात. ओखा, पोरबंदर, वेरावळ. आगाऊ पैसे घरी देतात आणि आठ-नऊ महिने ट्रॉलरवर राहतात. त्यातल्या कितीकांनी त्याआधी समुद्र पाहिलेलाही नसतो. मासळीच्या मागे ट्रॉलर सागरी हद्दीजवळ जातो, पाकिस्तानची गस्ती नौका येते, आणि पोरगा कराचीच्या तुरुंगात जातो. मे २००८च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला आपल्या तुरुंगांतल्या कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्यात मच्छीमारांची गणती वेगळी असते. पण नुसत्या यादीने सुटका होत नाही. तो इथलाच आहे, भारतीय आहे, याची खातरजमा व्हावी लागते. ती नाव आणि पत्त्यावरून होते. नाव एका अक्षराने चुकलं, पाड्याचं नाव ऐकणाऱ्याने भलतंच लिहिलं, तर महिने जातात.

हे त्याला कळलं ते एका घरावर प्रसंग ओढवल्यावर. त्या घरचे कागद घेऊन तो माझ्याबरोबर कचेऱ्यांत फिरला. त्या वर्षापासून दर पावसाळ्यात तो निघणाऱ्या पोरांना गाठायचा. त्यांना आपल्या अंगणात बसवायचा आणि एकेकाकडून पाठ करून घ्यायचा. स्वतःचं पूर्ण नाव, बापाचं नाव, पाडा, गाव, तालुका, जिल्हा. मग ज्या बोटीवर जाणार तिचा नोंदणी क्रमांक. कागद भिजतो, मोबाइल काढून घेतात, पाठ केलेलं कुणी काढून घेत नाही, असं तो म्हणायचा. मी प्रत्येकाचा पत्ता दोन कागदांवर लिहायचो. एक घरी ठेवायला, एक प्लॅस्टिकमध्ये बांधून सोबत न्यायला. त्यातली कितीतरी पोरं माझ्या विद्यार्थ्यांची मुलं होती, काही तर माझेच विद्यार्थी, चौथीतून सुटलेले. आपल्या गावाचं नाव त्यांना लिहिता यायला हवं होतं. चाळीशीतला एक जण अडखळला तेव्हा माझा चेहरा उतरला. दोस्ताने ते पाहिलं. काही बोलला नाही. त्याने त्या माणसाचा हात हातात धरला आणि अक्षरांवरून फिरवून घेतला. अशी त्याने अनेक पावसाळे शाळा चालवली. पट नाही, हजेरी नाही, पगार नाही.

गेल्या दोन वर्षांत त्याचा श्वास कमी पडू लागला होता. होडी मुलाकडे दिली, पण रोज खाडीवर जाऊन बसायचा. मी संध्याकाळी जायचो. आमच्यात बोलणं फार व्हायचं नाही. तो जाळं विणायचा, मी वर्तमानपत्र वाचायचो, अधूनमधून एखादी बातमी मोठ्याने वाचून दाखवायचो. पासष्ट वर्षांच्या मैत्रीत शेवटी एवढंच उरतं आणि तेवढं पुरतं. मला सर, गुरुजी, साहेब म्हणणारे पुष्कळ भेटले. पाचवीत भिजून वर्गात आलेला मुलगा म्हणून मला ओळखणारा तो एकटाच होता. तो गेला तेव्हा त्या मुलाला पाहिलेलं माणूस जगात उरलं नाही.

तो गेला आषाढात. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यांच्यावर झापं घातलेली. पहाटे वहिनींनी हाक मारली तेव्हा तो उठला नाही. सकाळी माणसं जमली, उंबरगावहून वहिनींच्या माहेरची आली, बोर्डीची आली. पाऊस थांबून थांबून पडत होता. आमच्या स्मशानाची वाट खाडीच्या कडेने जाते आणि उधाणाच्या दिवसांत भरतीला ती पाण्याखाली जाते. म्हणून गावात अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला असतो. एका म्हाताऱ्याने तो विचारला. "पाणी कधी भरतंय?"

आणि सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्या. चाळीस वर्षं हा प्रश्न ज्याला विचारला जायचा, तो ओटीवर पांढऱ्या चादरीखाली होता. कुणी काही बोलेना. तरुण पोरांपैकी एकाने मोबाइल काढला, पण पावसामुळे रेंज येईना.

मी तिथी आठवली. वद्य चतुर्थी. माझा आवाज फुटत नव्हता. आयुष्यभर फळ्यापुढे बोललो, तसा घसा साफ केला आणि म्हटलं, "चार पाऊणे तीन."

तीनच्या आत परत यायचं म्हणून आम्ही बाराला त्याला उचललं. जाताना वाट कोरडी होती. परतताना खाडीचं पाणी कडेला लागलं होतं.

फॉर्म अर्धा ठेवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरगा पुन्हा आला. मी व्यवसायाच्या रकान्यात 'तांडेल' असं लिहिलं. ग्रामसेवकांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मासेमारी असं लिहितात गुरुजी, नोंदीत तसंच घ्यावं लागेल." त्यांचं बरोबर होतं. मी त्यांना कंसात तांडेल राहू द्या म्हणून विनंती केली, ती त्यांनी मानली. त्या रकान्यात याहून जास्त जागा नाही. त्याने शिकवलेलं गणित, त्याने पाठ करून घेतलेले पत्ते, अंगणात पुरलेला चिकू, हे कुठल्याच नोंदीत नाही. शाळेच्या नोंदीत तर तो नववी अनुत्तीर्ण, प्रगती बेताची.

हे वाचणाऱ्यांत कुणी शिक्षक असतील तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या शाळेच्या आसपास असा एखादा तांडेल असेल, एखादा गवंडी, एखादी दाई, मळ्यात चिकूची कलमं बांधणारा एखादा माळी असेल. त्यांना तुमच्या वर्गात बोलवा. पाठ्यपुस्तकातला जो धडा मुलांच्या डोक्यात शिरत नाही, तो त्यांच्या हातांत असण्याचा संभव आहे. आणि बोलवायचं ते लवकर बोलवा. माझ्या दोस्ताला मी माझ्या शाळेत बोलावलं ते एकदाच, १९८६ साली. त्यानंतर मी पंचवीस वर्षं नोकरी केली. दर वर्षी वाटायचं, यंदा पुन्हा बोलावू. ते राहून गेलं.